फ्यूज सारखा उडतो? आधी इंडिकेटरचा जुना बल्ब शोधा

आर्वी रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. दिवाळीनंतर घरोघरी कापूस येऊन पडला की एकच तक्रार वाढते: "भाऊ, फ्यूज टाकला का उडून रायला." कापसाची गंजी आणि गाडी एकाच टिनाखाली असतात. उंदीर रात्री कापसात झोपतो आणि इंजिनात जेवतो.

फ्यूज उडाला म्हणून मोठा फ्यूज टाकायचा नाही. लाल १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. लालच्या जागी लालच. शिकत होतो तेव्हा मी एकदा फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळून दिली होती. अर्ध्या तासात गाडी डॅशबोर्डातून धूर काढत परत आली. उस्ताद काही बोलला नाही, फक्त जळालेलं सगळं हार्नेस (वायरींचा जुडगा) माझ्याच हातानं उपसायला लावलं. तीन दिवस लागले.

आता हत्यार. इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा साधा बल्ब घ्या. एलईडी चालणार नाही. होल्डरला दोन वायरी आणि त्यांच्या टोकाला फ्यूजच्या खाचेत बसतील अशा पट्ट्या लावा. उडालेला फ्यूज काढून त्या जागी हा बल्ब बसवा. पुढे शॉर्ट असला, म्हणजे सोललेली वायर गाडीच्या पत्र्याला टेकली असली, तर करंट बल्बातून बॉडीला जातो आणि बल्ब फुल पेटतो. बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, म्हणून वायर तापत नाही आणि तुम्ही निवांत शोधू शकता. नाहीतर दर वेळी एक फ्यूज फुंकायचा, किती फुंकाल?

एक इशारा. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला (वायरी जोडायच्या खटक्याला) हात लावायचा नाही, आणि ईसीएमच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या लाइनवर हा बल्ब वापरायचा नाही. ती कामं मल्टिमीटर आणि वायरिंगचा नकाशा असलेल्याकडे द्या.

मागे रोहण्याकडचे एक काका आले. पार्किंग लाइटचा फ्यूज आधी फक्त खड्ड्यात गेल्यावर उडायचा, आता टाकल्या टाकल्या उडत होता. या सांगण्यातच अर्धं उत्तर असतं. खड्ड्यात उडणारा फ्यूज म्हणजे वायर कुठंतरी घासतेय. दहा मिनिटं चालून उडाला तर मोटर जाम झाली असेल किंवा लोड जास्त असेल. मी फ्यूजच्या जागी बल्ब लावला, पार्किंग चालू केली, बल्ब झगझगीत. मग पुढचे-मागचे पार्किंगचे बल्ब आणि नंबर प्लेटचा बल्ब काढले. लोड काढूनही माझा बल्ब तसाच पेटलेला, म्हणजे दोष बल्बात नाही, वायरीत आहे.

इथं लोक पूर्ण गाडी उघडायला बसतात. तसं करू नका, अर्धं-अर्धं करत जा. मागच्या हार्नेसचा कपलर सीटच्या बाजूला सापडला. तो काढला आणि बल्ब विझला. पुढचा अर्धा भाग एका झटक्यात संशयातून सुटला! कपलर परत लावला आणि काकांना म्हटलं, "काका, डिकी हळू उघडा, बल्ब मी पाहतो." डिकी अर्धी वर गेली आणि बल्ब विझला. खाली आणली, पेटला. डिकीच्या बिजागराजवळ वायरी ज्यातून जातात तो रबर पत्र्याच्या भोकातून निसटला होता. त्यातल्या चार वायरींपैकी नंबर प्लेटची वायर पत्र्याच्या काठावर सोलली होती आणि तांबं हिरवं पडलं होतं.

दुरुस्तीला हात घालण्याआधी बॅटरीचं मायनस काढा, बहुतेक गाड्यांत १० नंबरच्या पान्यानं निघतं. मायनसच आधी, कारण प्लस काढताना पाना बॉडीला लागला तर ठिणगी उडते. सोललेल्या जागेवर नुसती टेप गुंडाळू नका, उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून ती सुटते. हिरवं पडलेला तुकडा कापून टाका, तेवढ्याच जाडीची वायर घ्या, शक्यतो त्याच रंगाची. आधी श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) वायरीत ओवा (हे मी अजूनही विसरतो आणि जोड परत तोडतो), मग पीळ देऊन सोल्डर करा, स्लीव्ह जोडावर सरकवून गरम करा.

बिजागराच्या वाकणाऱ्या जागेत सोल्डरचा जोड कधीच येऊ देऊ नका. सोल्डरनं वायर ताठ होते आणि रोज डिकी उघडून-लावून नेमकी तिथंच तुटते. मी काकांची वायर वीतभर लांब घेतली, दोन्ही जोड पत्र्याच्या आत सरकवले, मधला भाग अखंड ठेवला. उंदरानं तीन-चार वायरी एकाच जागी कुरतडल्या असतील तर जोड शेजारी-शेजारी न आणता मागे-पुढे ठेवा, नाहीतर तिथं गाठोडं होतं.

रबर परत भोकात नीट बसवला, सगळे बल्ब लावले, टेस्टचा बल्ब काढून लाल फ्यूज टाकला, मायनस जोडलं, पार्किंग चालू केली. मग डिकी पंचवीस-तीस वेळा आपटून पाहिली. काका म्हणाले, "आता तोडशीन का डिकी?" फ्यूज मात्र टिकला.