आईचं जुनं वॉशिंग मशीन पुन्हा फिरलं

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी आईचं दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक मशीन अजून आहे. गेल्या महिन्यात धुण्याच्या टबातली चकती फिरेना. मोटर नुसती घूं-घूं करायची. हाताने जरा ढकललं की फिरायची, आणि ढकलू त्याच दिशेला! संशय गेला कॅपॅसिटरवर, म्हणजे मोटरला फिरायला लावणाऱ्या, वीज साठवणाऱ्या छोट्या डबीवर.

या मोटरची रचना मला फार आवडते. तिची दोन्ही वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, अगदी सारखी असतात, कारण कपडे दोन्ही दिशांना सारख्याच जोराने घुसळायचे असतात. चावीचा टायमर कधी एका वाइंडिंगला थेट वीज देतो, कधी दुसऱ्याला. उरलेल्याला ती कॅपॅसिटरमधून, फेज सरकून, म्हणजे तिच्या लहरी जरा पुढे-मागे होऊन मिळते. तेवढ्यावर दिशा बदलते. ना सर्किट बोर्ड, ना सेन्सर.

प्लग काढला, मागचं झाकण उघडलं, बल्ब जोडून कॅपॅसिटर रिकामा केला. त्यावर छापलेली क्षमता 10 मायक्रोफॅरड, मीटरवर भरले जेमतेम 3. दोन्ही वाइंडिंगचा रोध सारखा आला, म्हणजे मोटर शाबूत. महाराणी रोडवरून तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, 440 व्होल्टचा नवा आणून जोडला.

चकती उजवीकडे फिरली, क्षणभर थांबली, मग डावीकडे. आई पोळ्या टाकून आली. "अरे, हाच तो आवाज!"