शेळीचं कार्टून काढताना डोळे नीट जमवा
ठाण्यात राहत असाल तर येऊरच्या एखाद्या पाड्यावर बांधलेली शेळी पाच मिनिटं नुसती बघा, मग पेन्सिल घ्या. डोक्यासाठी उभं अंडं काढा, निमुळतं टोक खाली. तेच तिचं तोंड. शिंगं वर, कान त्यांच्या खाली, बाजूला लोंबते. कान शिंगांच्या जागी गेले की शेळीचा ससा होतो! खरी गंमत डोळ्यांत आहे. शेळीची बाहुली गोल नसते, आडवी आणि चपटी असते. पांढऱ्या गोलात एक जाड आडवी रेघ ओढा, चेहरा लगेच तिचा वाटायला लागतो. हसरी हवी असेल तर फक्त खालचे दात दाखवा, कारण वरचे पुढचे दात तिला नसतातच. शेपूट आखूड, वर उचललेलं. हात मात्र हलका ठेवा, खोडायला बरं पडतं.