तुमच्या गावात मोबाइल टॉवर येईल का, हे कंपनीच्या नजरेने कसं बघायचं

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मोबाइल कंपनी थेट गाव निवडत नाही, ती सर्कल, म्हणजे सेवेसाठी आखलेला मोठा विभाग, निवडते. देशात अशी 22 सर्कल आहेत, मुंबई-नवी मुंबई-कल्याणचा पट्टा वेगळं सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र नि गोवा मिळून दुसरं. स्पेक्ट्रमचा, म्हणजे मोबाइल सिग्नलच्या लहरी वापरायच्या हक्काचा, लिलाव सर्कलवारच होतो, त्यामुळे पुण्यात चालणारा स्पेक्ट्रम गडचिरोलीतही कंपनीच्या हातात असतोच, पण तिथे टॉवर टाकायचा की नाही हा वेगळा हिशोब. आणि सगळी सर्कलही सारखी नसतात, वीआयने (व्होडाफोन आयडिया) 22 पैकी 17 वरच भर दिलाय.

आता तो हिशोब आपल्या भागासाठी मांडून बघा. जागेचं भाडं, वीज, लाइट गेली की डिझेल, हा खर्च गाव छोटं असलं तरी फारसा कमी होत नाही. त्यासमोर रिचार्ज करणारे किती हे कंपनी बघते, म्हणून हायवे, एमआयडीसी, तालुक्याचा बाजार यांचा नंबर आधी लागतो. जवळून फायबर, म्हणजे टॉवरला नेटवर्कशी जोडणारी केबल, गेलंय का ते नक्की विचारा, माझ्या मते निम्मा निकाल तिथेच लागतो, कारण फायबर नसेल तर मायक्रोवेव्ह लिंक (टॉवर ते टॉवर बिनतारी जोडणी) लावावी लागते आणि मध्ये डोंगर आला की ती पण अवघड. दुसऱ्या कंपनीचा टॉवर आधीच उभा असेल तर चांगलंच, त्यावरच अँटेना लावून भाडं वाटून घेता येतं.

बँडपण, म्हणजे सिग्नल कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो तेही, बघा. 700 नि 900 मेगाहर्ट्झ लांब जातात, घरात शिरतात, 3300 वाला फास्ट पण पल्ला कमी, म्हणून तो दाट वस्तीतच परवडतो.

हे तपासायला तरंग संचार या सरकारी पोर्टलवर ठिकाण टाका, जवळचे टॉवर कुणाचे ते दिसतं, आणि कंपनीच्या साइटवरचा कव्हरेज नकाशा बघा, तो टाकणं ट्रायने (दूरसंचार नियामक) बंधनकारक केलंय.

हिशोब तोट्याचाच निघाला तर कंपनीच्या मागे लागण्यात वेळ घालवू नका, सरकारी पैशाकडे वळा. 2022 मध्ये रेंज नसलेल्या 24,680 गावांत 4जी न्यायला 26,316 कोटींची योजना मंजूर झाली, काम बीएसएनएलकडे. आपलं गाव यादीत आहे का ते बीएसएनएलच्या जिल्हा ऑफिसात विचारा, नसेल तर जागा द्यायची तयारी लिहून ग्रामपंचायतीचा ठराव करा आणि खासदारांकडे द्या. आणि हो, टॉवर लावून देतो म्हणत आधी पैसे मागणारा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका, सरळ संचार साथी या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका.