टॅपेट गप्प झाला तरी कव्हर खोला

१ जूनला मासेमारी बंद झाली की आमच्या रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात बोटी शाकारायची घाई सुरू होते. जाळी, रंग, पंखा यांची सगळ्यांना आठवण असते. टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, याच दिवसांत तपासा, कारण इंजिन पूर्ण थंड मिळतं.

टॅपेट टकटक वाजायला लागला की तांडेल (बोटीचे कप्तान) मला हाक मारतात. वाजणारा टॅपेट सैल असतो. व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो, ओढ कमी होते, पण बोट घरी येते. मला भीती आवळ टॅपेटची वाटते. तो वाजतच नाही. तापल्यावर दांडी वाढते, फट संपते, व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे त्याच्या बसायच्या कड्यावर, नीट टेकत नाही. धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच बाहेर पडते. टेकला नाही की जळतो. त्याची फट बहुधा हवा आत घेणाऱ्या इनलेटपेक्षा जास्त ठेवतात ती यासाठीच. नेमका आकडा तुमच्या इंजिनाच्या पुस्तकातला घ्या, शेजारच्या बोटीवरचा नको.

आधी बॅटरीची वायर काढा, डिझेल बंद करा, रॉकरवरचं कव्हर खोला. हेडचे बोल्ट आवळायचे असतील तर ते आत्ताच. मागून आवळलेत तर फट बदलते.

सहा सिलिंडरचं, १-५-३-६-२-४ क्रमाने पेट घेणारं इंजिन असेल तर फ्लायव्हील चालत्या दिशेनेच फिरवा आणि नजर सहाव्या सिलिंडरवर ठेवा. त्याचा एक्झॉस्ट मिटत आला आणि इनलेट दबायला लागला (यालाच पुढे ‘हलणं’ म्हटलंय) की थांबा. आता पहिल्याचे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले आहेत, त्यांची फट लावा. मग दर वेळी एक तृतीयांश फेरा: दुसरा हलताना पाचवा, चौथा हलताना तिसरा, पहिला हलताना सहावा, पाचवा हलताना दुसरा, तिसरा हलताना चौथा.

समजा फट ०.३० मिमी हवी आहे. फिलर गेजची तेवढ्या जाडीची पट्टी दांडीच्या टोकावर, रॉकरखाली सरकवा. ओढताना ती किंचित धरल्यासारखी लागली पाहिजे, आणि ०.३५ ची शिरता कामा नये. स्क्रू पेचकसाने धरून लॉकनट रिंगपान्याने आवळा आणि पट्टी पुन्हा घाला; आवळताना स्क्रू थोडा फिरतोच.

रॉकरच्या टोकावरून नख फिरवा. खळगा पडला असेल तर पट्टी त्याच्या काठांवरच टेकते, खालची जागा मोजलीच जात नाही. पट्टी बरोबर सांगते, टॅपेट मात्र सैलच राहतो. असा रॉकर आधी दुरुस्त करा.

स्क्रूला हात लावण्याआधीची बाराही मापं वहीत लिहा. गेल्या हंगामात लावलेला एखादा टॅपेट यंदा आपोआप आवळ झालेला दिसला, तर व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत चाललाय. नुसता स्क्रू सैल करून भागवू नका, बंदीतच हेड उतरवा.

शेवटी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून सगळी मापं परत घ्या, कव्हरला नवी पॅकिंग टाका. फिलर गेज तेलाच्या चिंधीने पुसून ठेवा. खाऱ्या हवेत पट्टीला गंज चढला की जाडी बदलते.