बालवाडीत सगळ्या मुलांना सारखी संधी द्यायची तर रोज नेमकं काय करायचं

"एवढ्याशा पोरांना कुठे कळतो भेदभाव" हे वाक्य आधी डोक्यातून काढून टाका, कारण त्यांना कळतो आणि फार लवकर कळतो. 1940 च्या दशकात अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या नवराबायकोने 3 ते 7 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून चांगली कुठली ते विचारलं, तर बहुतेकांनी गोरी उचलली. आणि 2017 मधला तिथलाच एक अभ्यास आहे, 5 वर्षांच्या मुली "खूप हुशार कोण" विचारलं की मुलगे जितक्या सहज पुरुषाकडे तितक्याच सहज बाईकडे बोट दाखवतात, पण 6 वर्षांच्या झाल्या की ते प्रमाण घसरतं. एका वर्षात! म्हणजे जे काही करायचं ते बालवाडीतच करायला हवं.

सुरुवात स्वतःपासून करा. वर्गाची यादी टेबलावर ठेवा आणि दिवसभर तुम्ही आपणहून ज्या मुलाशी बोललात त्याच्या नावापुढे रेघ मारा, शाबासकीला वेगळी खूण, ओरडलात तर वेगळी. आठवडाभर केलं की काही नावांपुढची जागा रिकामीच दिसेल, बहुतेक वेळा ती गप्प बसणारी मुलं असतात किंवा ज्यांची घरची भाषा वेगळी आहे ती. ओरडण्याच्या खुणासुद्धा दोन-तीन नावांवरच जमलेल्या असतील, तिथे जरा थांबून विचार करा की तो खरंच जास्त दंगा करतो की आपलं लक्षच सारखं त्याच्याकडे असतं. येल विद्यापीठाने 2016 मध्ये शिक्षकांना एक व्हिडिओ दाखवला, खोडी कोण काढतंय ते बघा म्हणून सांगितलं, त्यात खोडी कोणीच काढत नव्हतं तरी नजर जास्त वेळ कृष्णवर्णीय मुलावर खिळली. आपल्या नजरेचंही असंच काहीतरी असणार, कोणावर खिळते ते या यादीवरून कळतं.

प्रश्न विचारला की मनात तीन आकडे मोजा आणि मगच पुढे जा. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गांतली रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं होतं की शिक्षक साधारण 1 सेकंदच थांबतात, 3 सेकंद थांबले तर जास्त मुलं बोलतात आणि उत्तरंही मोठी येतात. ज्या मुलाला मनातल्या मनात भाषा बदलावी लागते त्याला तर हा वेळ मिळालाच पाहिजे. त्याच्या आईबाबांकडून पाणी, शू, दुखतंय, भीती वाटते, घरी जायचं एवढे शब्द त्यांच्या भाषेत शिकून घ्या, उच्चार कागदावर लिहून भिंतीला लावा. आणि नाव अवघड आहे म्हणून त्याचं परस्पर बारसं करू नका प्लीज, घरी जसं हाक मारतात तसंच म्हणा.

खडूंच्या डब्यात "स्किन कलर" म्हणून एकच फिकट गुलाबी खडू असतो ना, ते नाव वर्गातून बंद करा. क्रेयोला या अमेरिकन खडू कंपनीने अशाच खडूचं "फ्लेश" (अंगाचा रंग) हे नाव 1962 मध्येच बदलून "पीच" केलं होतं. तपकिरीच्या चार-पाच छटा आणि एक आरसा ठेवा, प्रत्येकाला हात खडूशेजारी धरून आपला रंग शोधू दे. दोन छटा मिसळाव्या लागतात हे मुलांना स्वतःच सापडतं आणि भारी मजा येते त्यांना.

रांग मुलगे-मुली अशी लावू नका, नावाच्या पहिल्या अक्षरावरून लावा. "आई-बाबांचं चित्र काढा" याऐवजी "घरी कोण कोण असतं ते काढा" म्हणा, कोणी आजीजवळ राहतं, कोणाला बाबा नाहीत. घरून अमुक आणा, तमुक ड्रेस घाला हे शक्यतो टाळाच, सामान वर्गातच ठेवा म्हणजे कोणाकडे पैसे नाहीत ते चारचौघात दिसत नाही.

"ती चालत का नाही?" असं कोणी विचारलं तर गप्प करू नका, गप्प केलं की मुलांना वाटतं काहीतरी वाईट आहे. सरळ सांगा, "तिच्या पायात ताकद कमी आहे म्हणून ती चाकाची खुर्ची वापरते." आणि मदत करण्याआधी तिला विचारायचं हे सगळ्यांना शिकवा, खुर्ची परस्पर कोणी ढकलायची नाही.

सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे "तू काळी आहेस, तू आमच्यात नको". इथे घाबरून विषय बदलू नका. आधी जिला लागलंय तिच्याजवळ बसा, "हे चुकीचं बोलला तो, तुझा रंग छान आहे" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा. मग बोलणाऱ्याला शांतपणे, "रंगावरून कोणाला खेळातून काढायचं नाही, आपल्या वर्गात हे चालत नाही." जबरदस्तीचं सॉरी नको, त्याने काहीच होत नाही. त्याच दिवशी दोघांच्याही घरी सांगा, तक्रारीच्या सुरात नको, काय झालं आणि आपण काय बोललो एवढंच.

महिन्याभराने ती रेघांची यादी परत काढा, आणि या वेळी शक्य असेल तर खुणा दुसऱ्या ताईंना करायला सांगा, आपल्याच वर्गात आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टी त्यांना लगेच दिसतात.