गुडघा तपासताना खुबा विसरू नका

एम.बी.बी.एस. आणि वर्षभराची आंतरवासिता संपवून अस्थिरोग शाखेकडे वळणाऱ्या तरुण डॉक्टरांपैकी बहुतेकांच्या मनात शस्त्रक्रियागृहाचे चित्र असते. ते चुकीचे नाही. मात्र एम.एस.च्या तीन वर्षांत आणि त्यानंतर स्वतःच्या दवाखान्यात सर्वाधिक वेळ जातो तो बाह्यरुग्ण विभागात, आणि तेथे सर्वाधिक वेळा समोर येतो तो दुखरा गुडघा. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील रुग्ण पाहिल्यावर मला जे उमगले, ते या शाखेत नव्याने येणाऱ्यांसाठी लिहीत आहे.

पहिली गोष्ट भाषेची. रुग्ण ‘मना गुडघा दुखस’ म्हणतो, तेव्हा अहिराणीतच ‘काय व्हयनं माय?’ असे विचारले तर माहिती आपोआप मोकळी होते. दुखणे कधीपासून आहे, यापेक्षा ते कोणत्या कामाला अडवते, हे विचारणे मला जास्त उपयोगी वाटते. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत घड वाहून नेणारा मजूर, कापूस वेचताना दिवसभर वाकून राहणारी बाई आणि जिना उतरताना कळ येणारे निवृत्त शिक्षक या तिघांच्या कागदावर ‘गुडघेदुखी’ हेच लिहिले असते, पण त्यांचे आजार वेगळे असू शकतात. गुडघा मध्येच अडकतो का, चालताना दगा देतो का, सूज दुखापतीनंतर काही तासांत आली की दुसऱ्या दिवशी, या तीन प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली की मेनिस्कस (सांध्यातील गादी), लिगामेंट (हाडांना जोडणारा अस्थिबंध) आणि झीज यांपैकी कोणत्या दिशेने जायचे ते बरेचसे ठरते.

यानंतर सांगायची घटना माझ्या निवासी डॉक्टरपणाच्या काळातील आहे आणि ती आजही मला अस्वस्थ करते. सातपुड्यातील एका पाड्यावरून चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर आला होता. उजवा गुडघा दुखतो, एवढीच तक्रार. मी गुडघा दाबून, वाकवून पाहिला, एक्स-रे काढला, तो निर्दोष होता, म्हणून वेदनाशामक गोळ्या देऊन त्याला परत पाठवले. तीन आठवड्यांनी तो लंगडत परत आला. वरिष्ठांनी त्याला पाठीवर झोपवले, खुबा आणि गुडघा काटकोनात वाकवला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला नेऊन खुबा आत फिरवण्याचा प्रयत्न केला. मुलगा ओरडला. खुब्याच्या एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाचा गोळा एका बाजूने चपटा झालेला स्पष्ट दिसत होता. रक्ततपासणीत सिकलसेल आजार निघाला. लाल पेशी विळ्यासारख्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद करतात आणि त्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. खुबा आणि गुडघा या दोन्हींना ऑब्ट्युरेटर नर्व्ह या एकाच मज्जातंतूच्या शाखा जात असल्याने आजार खुब्यात असतो आणि कळ गुडघ्यात जाणवते. हे सारे मी पुस्तकात वाचलेले होते, तरीही मी त्याचा खुबा हलवून पाहिला नव्हता.

नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा नेहमी आढळणारा आजार आहे. म्हणून या भागातील मुलाच्या किंवा तरुणाच्या गुडघेदुखीत खुब्याची तपासणी आणि सिकलसेलची चाचणी या दोन्ही गोष्टी मी वगळू देत नाही. खुब्याचा एक्स-रे सुरुवातीला निर्दोष असू शकतो. संशय टिकून असेल तर एमआरआय करावा. शस्त्रक्रियेपूर्वीही हे माहीत असणे अत्यावश्यक आहे, कारण टूर्निकेट (रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा) बांधणे, शरीरातील पाणी कमी पडणे आणि प्राणवायूची पातळी घसरणे या तिन्हींमुळे अशा रुग्णात गुंतागुंत होऊ शकते.

गरम, सुजलेला, किंचितही हलवू न देणारा गुडघा आणि सोबत ताप, असे चित्र असेल तर उशीर करू नये. सांध्यातील पाणी निर्जंतुक पद्धतीने काढून तपासणीला पाठवावे आणि मगच प्रतिजैविके सुरू करावीत. गावात आधी सांध्यात इंजेक्शन घेतले आहे का, हे आवर्जून विचारावे. पू झालेला सांधा काही दिवसांतच कुर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, गमावतो.

आता झिजेविषयी. वयस्क रुग्ण ‘गॅप आली’ किंवा ‘वंगण संपलं’ असे सांगत फिल्मची पिशवी पुढे करतात. ती फिल्म झोपवून काढलेली असेल तर सांध्यातील फट प्रत्यक्षापेक्षा मोकळी दिसते. म्हणून एक्स-रे उभे करूनच काढावा. झिजेच्या श्रेणी मोजण्याची केलग्रेन आणि लॉरेन्स यांची १९५७ सालची पद्धत आजही वापरात आहे, पण चौथ्या, म्हणजे सर्वाधिक झिजेच्या श्रेणीचा गुडघा घेऊन शेतात जाणारी माणसे मी पाहिली आहेत आणि दुसऱ्या श्रेणीत रात्रभर जागणारीही. शस्त्रक्रियेचा निर्णय माणसाच्या त्रासावर घ्यावा, श्रेणी त्याला आधार म्हणून असावी. बहुतेकांना आधी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणे हेच सांगावे लागते. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो, हे समजावले तर ते पटते.

सांधेरोपणाची वेळ आली की पैशांचे बोलणे स्पष्ट करावे. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती ठरवल्या आणि कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्यासाठी ती जीएसटी वगळून ५४,७२० रुपये होती. पण सांधा हा एकूण खर्चाचा एक भाग आहे, हे नातेवाइकांना आधीच सांगावे. आमच्याकडे पुष्कळ कुटुंबे कापूस विकल्यानंतरची तारीख मागतात. दुखणे जुने असेल आणि संसर्ग किंवा अस्थिभंग नसेल तर ती द्यावी.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न घरच्या शौचालयाचा. पूर्ण उकिडवे बसायला गुडघा साधारण १३० अंशांहून अधिक वाकावा लागतो आणि रोपणानंतर तेवढा तो बहुधा वाकत नाही, शिवाय तसे बसू नये असेच आम्ही सांगतो. रावेर तालुक्यातील एका आजींच्या मुलाला मी हे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, ‘साहेब, मग तारीख पंधरा दिवस पुढे घ्या.’ त्या पंधरा दिवसांत त्याने घरात कमोड बसवून घेतला, आणि त्याच काळात आजी रोज सकाळी पाय लांब करून, गुडघ्याखाली गोधडीची घडी ठेवून ती खाली दाबण्याचा व्यायाम करत राहिल्या. सून शेजारी बसून प्रत्येक वेळी दहापर्यंत अंक मोजत असे.