स्पॅमअसॅसिन: पाठवणाऱ्याचा इतिहास गुणांवर कसा चालतो आणि बिघडला तर कसा पुसायचा

स्पॅमअसॅसिन हा स्पॅम गाळणारा प्रोग्रॅम नियमांनुसार प्रत्येक मेलला गुण देतो; गुण मर्यादेपर्यंत पोचले की मेल स्पॅम ठरतो. नियमांची बेरीज जेमतेम 2, तरीही मेल स्पॅममध्ये गेला? अहवालात एडब्ल्यूएल (ऑटो-व्हाइटलिस्ट, म्हणजे पाठवणाऱ्याचा इतिहास ठेवणारं प्लगइन) नावाची ओळ शोधा. पाठवणाऱ्याच्या जुन्या मेलमुळे वाढलेले किंवा घटलेले गुण तिथे दिसतात.

हे प्लगइन प्रत्येक पत्त्यामागे दोनच आकडे ठेवतं: किती मेल आले आणि त्यांचे एकूण गुण किती. बाकीचे नियम चालून झाले की आजचे गुण जुन्या सरासरीकडे ओढले जातात. किती ओढायचे ते फॅक्टर ठरवतो. तो मुळात 0.5, म्हणजे निम्मं अंतर. सरासरी 12 आणि आजचे गुण 2 असतील तर फरक 10, त्यातले 5 वाढून 7 होतात. मर्यादा 5 ची, त्यामुळे मेल अडकतो. उलट सरासरी 1 असलेल्याचा 7 गुणांचा मेल 4 वर येऊन सुटतो. इतिहासाच्या नोंदीत मात्र ओढण्याआधीचेच गुण चढतात. पहिल्याच मेलला इतिहास नसतो, म्हणून फरकही पडत नाही.

नोंद नुसत्या पत्त्याची नसते, सोबत पाठवणाऱ्याच्या आयपी पत्त्याचे (आयपीव्ही4 असेल तर) पहिले 16 बिटही असतात. म्हणून दुसऱ्या नेटवर्कवरून तुमच्या ग्राहकाचा पत्ता चोरून वापरणाऱ्याला त्याची पत मिळत नाही.

चालू करण्यासाठी प्लगइन लोड करणाऱ्या ओळीपुढचं हॅश चिन्ह काढा, लिंट पर्यायाने कॉन्फिगरेशन तपासा, मग डीमन (पार्श्वभूमीत चालणारी सेवा) रीस्टार्ट करा. टीएक्सरेप हे याचंच नवं रूप; ते डोमेन, आयपी आणि हेलो (पाठवणारा सर्व्हर स्वतःचं म्हणून सांगतो ते नाव) यांचीही वेगळी पत ठेवतं. दोन्ही एकदम चालवू नका.

सर्वांत चिवट घोटाळा असा: एखाद्या चुकीच्या नियमाने दिवसभर सगळ्यांना भरमसाट गुण दिले. नियम दुरुस्त केला, तरी सरासऱ्या फुगलेल्याच राहतात आणि चांगली माणसं आठवडाभरानंतरही अडकतात. अशा वेळी फॅक्टरशी खेळू नका. तो 0 केला तर इतिहास निरुपयोगी, 1 केला तर आजच्या मेलला किंमतच नाही. पत्ता एडब्ल्यूएलच्या यादीतून काढण्याचा कमांडलाइन पर्याय वापरून तेवढ्याच नोंदी पुसा. पत्ता व्हाइटलिस्टमध्ये (विश्वासू म्हणून) घालण्याचा पर्याय टाळलेला बरा, तो थेट उणे 100 ची नोंद करतो.

पुसूनही काही बदललं नाही, तर बहुधा कमांड दुसऱ्याच युजरखाली चाललीय. नोंदी मुळात ज्याच्या-त्याच्या होम डिरेक्टरीत असतात. मेल ज्या युजरखाली तपासला जातो, त्याच्याच नावाने ती चालवा.